अडीच दिवसांच्या बाळाला नाव असतं का?

(हा आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा मजकूर आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)



आजचा विषय जड आहे, हे आधीच सांगतो. ज्यांच्या घरात नुकतंच बाळ गेलंय त्यांनी हवं तर इथेच थांबा, नंतर कधीतरी ऐका. नाही ऐकलं तरी चालेल.

प्रश्न साधा आहे. माणसाच्या जिवाची किंमत कशावरून ठरते? तो किती वर्षं जगला यावरून? किती कमावलं यावरून? मुलगा की मुलगी यावरून? आणि जे बाळ दोन-तीन दिवसच जगलं, त्याचं काय?

मी सांगलीचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पाळक नाही, डॉक्टर नाही. ख्रिस्ती घरात वाढलोय, त्यामुळे या प्रश्नाकडे बघताना हातात बायबल असतं. पण आज जे सांगणार आहे ते आपल्या सगळ्यांच्याच गावातलं आहे.

सुरुवात साताऱ्यापासून करू. साताऱ्याकडच्या तुमच्या मित्रमैत्रिणींना विचारा, 'नकुशी' नावाची कुणी माहीत आहे का? बहुतेकांना माहीत असेल. घरात दोन-तीन मुली झाल्या, पुन्हा मुलगीच झाली, की तिचं नाव नकुशी. म्हणजे नको असलेली. मुलीचं नाव असं ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या अशा 285 मुलींना नवीन नावं देण्यात आली. त्यांनी स्वतः निवडलेली नावं, आणि सोबत त्या नावाचं प्रमाणपत्र. विचार करा, शाळेत रोज हजेरी घेताना बाई हाक मारणार, "नकुशी", आणि ती उभी राहून म्हणणार, "हजर". नको असलेली, पण हजर. रोज.

त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या 894. दहा वर्षांपूर्वी, 2001 ला, 913 होत्या. म्हणजे आकडा खाली आला. आणि हे सगळं कायदा असताना. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, 1988 साली. देशाचा कायदा 1994 चा.

आता माझ्या जिल्ह्यात येऊ. म्हैसाळ. मिरज तालुक्यातलं गाव. आमच्या पिढीला हे नाव उपसा सिंचन योजनेमुळे माहीत होतं. म्हैसाळचं पाणी आलं की दुष्काळी पट्ट्यात आनंद. मार्च 2017 मध्ये हेच नाव देशभर वेगळ्या कारणाने गेलं. बेकायदा गर्भपातात एका तरुण विवाहितेचा जीव गेला, त्याचा तपास सुरू झाला, आणि पोलिसांना ओढ्याजवळ पुरलेली 19 स्त्री-अर्भकं सापडली. पिशव्यांत भरलेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कमेंटमध्ये वाद होणार. कायदेशीर गर्भपात हा आजचा विषय नाही आणि कुठल्याही बाईकडे बोट दाखवायला मी बसलेलो नाही. म्हैसाळमध्ये त्या 19 जणींबरोबर एक आईही गेली. नको असलेली मुलगी आणि मुलगा देऊ न शकलेली सून, दोघींना एकाच तराजूत तोललं गेलं. जिवाला किंमत नसली की ती फक्त बाळापुरती राहत नाही, आईपर्यंत पोचते.

आणि आम्ही ख्रिस्ती लोक यातून सुटलोय असंही नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी गोड गोड बोलणारी माणसं आमच्याकडेही आहेत, जी तिसरी मुलगी झाली की "प्रभूची इच्छा" असं तोंड पाडून म्हणतात. मुलगा झाला की हीच प्रभूची इच्छा पेढे वाटत येते.

आता घरचं. हे मी ताईला आणि दाजींना विचारून सांगतोय.

ताई साताऱ्याला दिली आहे. तिचं पहिलं बाळ सत्ताविसाव्या आठवड्यात झालं. मुलगी. किलोभराचीही नव्हती. अडीच दिवस काचेच्या पेटीत होती. दाजींचं एक बोट तिच्या अख्ख्या तळव्यात मावत नव्हतं, पण ती ते धरायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. पाळकसाहेबांनी आदल्या रात्रीच येऊन तिचा बाप्तिस्मा केला होता, ड्रॉपरभर पाण्याने. तिला नाव आहे. ते मी इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे.

नंतरचे आठवडे जास्त कठीण गेले. लोक यायचे. वाईट नव्हते हो, मनापासून यायचे. पण बोलायचे काय? "बरं झालं लवकर गेली, लळा लागला नव्हता." "दुसरं होईल, वय आहे अजून." आणि एक मावशी हळूच म्हणाल्या, "मुलगीच होती ना?" या शेवटच्या वाक्यात सगळं नकुशी-प्रकरण आलं. ताई त्यावर काहीच बोलली नाही. दाजी मात्र म्हणाले, "हो मावशी. आमची मुलगी होती."

दाजींनी आणखी एक काम केलं. नगरपालिकेत जाऊन जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी झाल्यात का ते बघितलं. हे तुम्हाला माहीत असू द्या, कारण अशा वेळी सांगायला कुणी नसतं. आपल्याकडे 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे. बाळ एक श्वास घेऊन गेलं तरी जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोंदवायचे असतात, 21 दिवसांच्या आत. मृतजन्माचीसुद्धा वेगळी नोंद होते. नावाचा रकाना तेव्हा कोरा सोडता येतो, नंतर भरता येतो. दाजींनी तो तेव्हाच भरून घेतला.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, चांगल्या सिस्टिममध्ये एखादी नोंद थोड्याच वेळासाठी आली म्हणून ती कुणी पुसत नाही. लॉग राहतो. ती आली होती, या वेळेला आली, या वेळेला गेली. सरकारचा कायदासुद्धा एवढं मानतो. मग नातेवाइकांनी "झालंच नाही असं समजा" का म्हणावं?

आता बायबलकडे येतो. बाळ जातं तेव्हा पहिला प्रश्न असतो, का? आणि लगेच दुसरा, कुणाचं चुकलं? आईने पपई खाल्ली का, ग्रहणात बाहेर गेली का, कुणाचं पाप भोवलं का?

बायबलमध्ये दावीद राजाचं बाळ सातव्या दिवशी जातं. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात. तिथे संदेष्टा दाविदाच्या पापाशी त्याचा संबंध जोडतो, आणि काही लोक हाच अध्याय घेऊन दुःखी घरात शिरतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, तुम्ही संदेष्टे नाही. प्रभू येशूला शिष्यांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता, जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून. पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाचा नववा अध्याय. तो माझ्यासाठी पुरेसा आहे. आईला दोषी धरायचा रस्ता तिथे बंद होतो.

'का' याचं उत्तर मात्र मिळत नाही. ईयोबाची दहा मुलं एका दिवसात जातात. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं आणि घोळ केला. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो.

आणि मत्तय येशूच्या जन्माची गोष्ट सांगतो, त्यात नाताळच्या देखाव्यात आपण कधी मांडत नाही असा एक भाग आहे. हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारतो. मत्तय तिथे मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीची आठवण काढतो, जिला सांत्वन नकोच आहे. आणि तिला कुणी गप्प करत नाही! रड नको, देवाची इच्छा होती, असं मत्तय म्हणत नाही. तिचं रडणं तो शुभवर्तमानात तसंच ठेवतो. ज्या पुस्तकात देव स्वतः तान्हं बाळ होऊन येतो, त्या पुस्तकात तान्ह्या बाळासाठीचं रडणं पुसलेलं नाही.

म्हणून माझा विश्वास असा आहे: माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला, ही गोष्ट वयावर, वजनावर, लिंगावर अवलंबून नाही. सत्तावीस आठवड्यांचं बाळ आणि सत्तर वर्षांचे आजोबा, प्रतिमा तीच. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांचं काय, या प्रश्नावर चर्चने शतकानुशतकं डोकं फोडलं. कॅथलिक चर्चच्या धर्मपंडितांच्या आयोगाने 2007 मध्ये याच विषयावर मोठा दस्तऐवज काढला आणि म्हटलं, अशा बाळांसाठी तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मी कॅथलिक नाही, पण 'आशा' हा शब्द मला आवडला. खात्रीचा आव नाही, आणि दार बंदही नाही.

पण नुसता विश्वास पुरतो का? नाही. हात हलवावे लागतात.

सावित्रीबाई फुले साताऱ्याच्या लेकी. खंडाळा तालुक्यातलं नायगाव. 1863 मध्ये पुण्यात जोतिबांनी आणि त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ मारू नये. त्याच घरात जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. फुले ख्रिस्ती नव्हते, त्यांना आमच्या खात्यात ओढायचं नाही. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि पुढे मिशनऱ्यांसह सगळ्यांना प्रश्न विचारत स्वतःच्या वाटेने गेले. पण एक बघा. त्यांनी त्या बायकांना पापाचं प्रवचन दिलं नाही, खोली दिली. आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई गेल्या त्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना लागण झाल्यामुळे.

आमच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, 1894 ला. माझ्या आजीच्या तोंडी ते शेवटपर्यंत 'मिशन' एवढंच होतं. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने काय केलं? आधी मोजलं. गावागावात जन्मलेलं आणि गेलेलं प्रत्येक बाळ वहीत आलं. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी येतात, त्याची मुळं तिथे आहेत. त्यांना दारातून परत पाठवू नका.

महाराष्ट्रात 2020 च्या सरकारी पाहणीनुसार जन्मलेल्या हजार बाळांमागे 16 बाळं वर्षाच्या आत जात होती. देशाचा आकडा 28. आपला आकडा चांगला आहे, खरंय. पण ती सोळाच्या सोळा बाळं कुणाच्या तरी घरची होती. नवजात मृत्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. त्यामुळे ऊब, आईचं पहिलं दूध, कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरणं, ज्याला कांगारू केअर म्हणतात, हे सगळं नाटक नव्हे. जन्मल्याबरोबर कांगारू केअर सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले, असं 2021 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यात दिल्लीचं हॉस्पिटलही होतं. बापानेही छातीशी धरलं तर चालतं. मित्रांनो, हे तुमच्यासाठी.

तर कुणाच्या घरी बाळ गेलं, तर तुम्ही-आम्ही काय करायचं? जा. "बरं झालं" म्हणू नका. "दुसरं होईल" म्हणू नका, कारण ते दुसरं असेल, हे नव्हे. बाळाचं नाव विचारा. नसेल ठेवलं तर "कशी होती" विचारा. ईयोबाच्या मित्रांसारखं पहिले सात दिवस गप्प बसता आलं तरी खूप. डबा न्या. वडिलांनाही विचारा, कारण त्यांना कुणीच विचारत नाही. आणि वर्षाने त्या तारखेला एक मेसेज टाका. तारीख लक्षात राहणार नसेल तर फोनमध्ये रिमाइंडर लावा, आपला फोन निदान तेवढ्यापुरता उपयोगी पडेल.

मंडळ्यांसाठी पण एक विनंती. 28 डिसेंबर हा बेथलेहेमच्या त्या बाळांच्या स्मरणाचा दिवस आहे. नाताळच्या धांदलीत तो निघून जातो. त्या आठवड्याच्या उपासनेत, ज्यांची बाळं गेली त्यांची नावं घेऊन प्रार्थना करता येईल. आधी घरच्यांना विचारून. पाच मिनिटं लागतील.

आणि घरात मुलगी झाली, पहिली असो की चौथी, तर तिला असं नाव द्या की हजेरीला उभं राहताना तिची मान वर राहील.

तुमचा अनुभव सांगायचा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव नको असेल तर तसं सांगा, आम्ही वाचून दाखवणार नाही, पण ऐकू नक्की. पुढच्या भागात आशाताईंच्या कामावर बोलू. काळजी घ्या. प्रभू तुमच्याबरोबर असो.