मुंबईच्या चित्रातील गाव



साहित्यातील मुंबई म्हटली की समुद्र, गर्दी आणि उंच इमारती यांचे स्मरण प्रथम होते. परंतु या महानगराची जी चित्रणे टिकली, त्यांत मुंबईइतकेच गावही आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्यात कौतुकाचा सूर अधिक, आणि ते स्वाभाविकच होते. कापडगिरण्यांचा उद्योग तेव्हा नुकता कोठे मूळ धरीत होता. पुढे पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईचा थाट गायिला. त्याची दुसरी बाजू अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या 'मुंबईची लावणी'त मांडली. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईस आलेल्या, गिरणीत राबलेल्या या शाहिराला त्या थाटाची किंमत कोण मोजतो हे पुरते ठाऊक होते. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड वरवर पाहता विरहाची. पत्नी गावी राहिलेली, नवरा पोटासाठी शहरात. पण ऐकता ऐकता त्या विरहातूनच संयुक्त महाराष्ट्राची मागणी उभी राहते. मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या कोकणातील नि घाटावरील घरांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. राजकीय मागणीला इतके घरगुती रूप क्वचितच लाभते.

नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या संग्रहात कामगार स्वतःच बोलू लागला. बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ यांनी पांढरपेशा वाचकाने टाळलेली वस्ती दाखविली. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' या झोपडपट्टीवरील कादंबरीवर १९८१ साली हिंदी चित्रपट निघाला. एरवी हिंदी चित्रपटाने या शहराचा उपयोग बहुधा मागच्या पडद्यासारखाच केला.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या बंद पडत गेल्या. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकात त्या पडझडीत सापडलेले गिरणगावातील एक कुटुंब आहे. त्यावरून २०१० साली 'लालबाग परळ' हा चित्रपट झाला. सुधीर पटवर्धन यांनी याच बदलत्या भागाला 'लोअर परळ' (२००१) या चित्राचा विषय केले.

मात्र संप लांबल्यावर गावी परतलेल्यांचे काय झाले, याचे चित्रण अद्याप थोडेच आहे. त्यांची पत्रे, पगारपत्रके एखाद्या घरच्या ट्रंकेत अजून असतील. शाळांनी मुलांकरवी या आठवणी लिहवून घेतल्या, तर ते काम आताच व्हावयास हवे. संपाच्या वेळी विशीत असलेले कामगारही आज साठीपलीकडे गेले आहेत.