एकच भूमी, अनेक शास्त्रे



विद्याशाखांच्या भिंती ओलांडणारा एखादा विषय आज घ्यावा असे मनात आले, त्याला कारण हे गावच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म मांद्र्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. व्यवसाय वैद्यकाचा, परंतु अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर त्यांनी काम केले आणि आर्यभट, वराहमिहिर यांच्या कालनिर्णयावर निबंधही लिहिला. त्या काळी एका बुद्धिमान माणसाच्या ठायी चार शास्त्रे सुखाने नांदत. आज प्रत्येक शास्त्राचा पसारा असा वाढला आहे की, एकाच इमारतीत बसणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आणि अर्थशास्त्रज्ञाला परस्परांची भाषा उमगत नाही. मग त्यांनी जमवलेली माहिती एकत्र यावी कोठे? भौगोलिक माहिती प्रणालीने, म्हणजे जी.आय.एस.ने, या प्रश्नाला दिलेले उत्तर अगदी साधे आहे : जमिनीवर.

माहिती कोणत्याही शास्त्राची असो, ती बहुधा कोठल्या तरी ठिकाणची असते. विहिरीचे पाणी, रुग्णाचे घर, झाडाची जात, एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे क्रमांक, या सर्वांना अक्षांश-रेखांश देता येतात. पारदर्शक कागदांवर एकाच प्रदेशाचे निरनिराळे नकाशे काढावेत आणि ते एकावर एक ठेवावेत, तसे संगणक या माहितीचे थर रचतो. आणि मग कोणत्या थरावरचे काय कशावर पडते ते मोजतो. 1960च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमिनीची पाहणी संगणकावर आणताना ही पद्धत उभी केली. कल्पना त्याहून जुनी आहे. भाऊ दाजी मुंबईत वैद्यकी करीत असतानाच, 1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीने दगावलेल्यांची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र गाळला जातो. त्या पंपाजवळच्या मद्याच्या भट्टीतले कामगार वाचले होते, आणि ते का वाचले हे नकाशाने सांगितले नाही. ते तेथे जाऊन विचारल्यावर कळले. ते पंपाचे पाणी पीतच नव्हते.

आता आपल्या परिसरात येऊ. 2015 साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात माकडताप आला आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात त्याने डोके वर काढले. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात 1957 साली प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडींमार्फत पसरतो. त्याची माहिती कोणाकडे असते, हे पाहण्यासारखे आहे. तापाचे रुग्ण आरोग्य खात्याच्या वहीत, मेलेली माकडे वन खात्याच्या, गुरे पशुसंवर्धनाच्या आणि काजूची लागवड कृषी खात्याच्या. चार वह्या चार कपाटांत. आणि गोचीड मात्र चारही खात्यांतून बिनदिक्कत फिरणारी! शिमोगा जिल्ह्यापुरता एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात हे थर एकावर एक ठेवले, तेव्हा असे दिसले की रोगाचा संभव निव्वळ घनदाट अरण्यात एकवटलेला नाही. जेथे सदाहरित रान आणि लागवड एकमेकांत मिसळली आहेत आणि देशी गुरांची संख्या मोठी आहे, तेथे तो अधिक. काजूच्या हंगामात बागायतीत राबणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष फार जवळचा आहे. त्या अभ्यासाची मला भावलेली गोष्ट अशी की, कोणते थर घ्यावेत हे ठरवतानाच आरोग्य, पशुवैद्यक आणि वन या खात्यांतील माणसांना विचारले गेले होते.

कारण थर कोणते घ्यायचे हे यंत्र ठरवीत नाही. चौकट केवढी घ्यायची हेही नाही. या दुसऱ्या मुद्द्यावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण त्यावरून आपल्या घाटात मोठा वाद माजला आणि वाद घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचे मूळ ठाऊक होते.

केंद्र सरकारने 2010 साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञसमिती नेमली; 2011 साली तिचा अहवाल आला. समितीने घाटाच्या नकाशावर पाच मिनिटे अक्षांश आणि पाच मिनिटे रेखांश अशा मापाच्या चौकटी आखल्या. आपल्याकडे अशा चौकटीची बाजू सुमारे 9 किलोमीटर भरते. प्रदेशनिष्ठ वनस्पती, दुर्मिळ सस्तन प्राणी, अखंड वन, उंची, उतार, नदीकाठची झाडी अशा थरांना प्रत्येक चौकटीत गुण दिले आणि त्यांची सरासरी काढली. निष्कर्ष असा की, सारा घाटच संवेदनशील, फक्त त्याच्या पायऱ्या तीन. नंतर 2012 साली के. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला. त्याने उपग्रहाची 24 मीटर मापाची चित्रे घेतली, माणसाने वसवलेला प्रदेश निसर्गप्रदेशापासून वेगळा काढला आणि 2013 साली घाटाचा सुमारे 37 टक्के भाग संवेदनशील ठरवला. ज्या गावाचा वीस टक्के किंवा अधिक भाग त्यात पडला, ते गाव यादीत गेले.

घाट तोच. प्रणाली तीच. उत्तरे दोन! लोकांनी एकाला निसर्गवेडा म्हटले, दुसऱ्याला सरकारधार्जिणा. खरी गोष्ट अशी की, दोघांनी जमिनीला वेगवेगळे प्रश्न विचारले होते. आपला पेडणे तालुका सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरचा. 9 किलोमीटरच्या तीन चौकटींत तो जवळजवळ संपतो. मांद्रे, मोरजी आणि हरमल यांना त्या हिशेबात निराळे अस्तित्वच उरत नाही. उलट 24 मीटरची चौकट बारीक आहे म्हणून ती अधिक खरी, असेही नव्हे. दाट काजूबागायत आणि विरळ रान यांचा भेद आकाशातून नीट कळत नाही. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय आकाराने लहान. तेथील पाणथळीतली जायफळाच्या कुळातली झाडे, त्यांची दलदलीतून वर आलेली मुळे आणि त्या रायीत कोयता न चालवण्याचा गावाचा नेम यांतले उपग्रहाला फक्त हिरवेपण दिसते. आणि वीस टक्क्यांची ती रेघ! एकोणीस टक्क्यांचे गाव सुटले, एकविसाचे सापडले. ही रेघ शास्त्राने ओढलेली नाही, शासनव्यवहाराने ओढली. ओढायला हरकत नाही. पण तिला उपग्रहाचा निर्णय म्हणू नये. गाडगीळ समितीने सीमा ठरवताना ग्रामसभांना विचारावे असे सुचवले होते. त्या सूचनेकडे मी राजकारणातली सौजन्याची बाब म्हणून पाहत नाही. 9 किलोमीटरच्या चौकटीत जे मावले नाही, ते मिळवण्याचा तोच शास्त्रीय मार्ग होता.

आणखी एक अडचण सांगतो. ती रुक्ष आहे, पण टाळण्यासारखी नाही. आपले जुने सर्वेक्षणाचे नकाशे एव्हरेस्ट यांनी 1830 साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. उपग्रह दुसरा आकार मानतात. रूपांतर न करता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर मांडले, तर आपल्या भागात बिंदू शंभर मीटरांहून अधिक सरकतो. डिचोलीसारख्या खाणींच्या तालुक्यात, खड्डा पट्ट्याच्या आत की बाहेर असा तंटा असतो, तेथे शंभर मीटर म्हणजे कोट्यवधींचा प्रश्न. आणि आपल्या किनाऱ्यावर शंभर मीटर म्हणजे वाळूची अख्खी टेकडी समुद्रात तरी जाते, नाही तर माडांच्या बागेत तरी!

किनाऱ्याचे नाव निघालेच आहे. 6 जानेवारी 2011 रोजी निघालेल्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. कासवांच्या विणीची स्थाने म्हणून तीत मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद ही नावे आली. खाजन जमिनी आणि वाळूच्या टेकड्या यांचे सर्वेक्षण करून नकाशे करावेत असेही तीत म्हटले होते. पुढे किनारी आराखड्यावर 2021 साली जनसुनावण्या झाल्या, तेव्हा वाळूच्या टेकड्या, खाजनांचे बांध, मच्छीमारांच्या वस्त्या यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत अशा हरकती गावोगाव घेतल्या गेल्या. हरकत घेणे हा हक्क आहेच. पण नकाशाला उत्तर नकाशानेच दिले तर त्याचे वजन निराळे पडते, आणि ते साधन आता कोणा एका खात्याच्या मुठीत नाही. 2002 साली सुरू झालेली क्यूजीआयएस ही आज्ञावली विनामूल्य मिळते. हातातला फोन काही मीटरांच्या आत जागा सांगतो.

म्हणून या शाळेच्या आजीमाजी विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. पावसाळा सरल्यावर दरवर्षी वाळूच्या टेकडीची कड चालून नोंदवावी. मर्यादवेल कोठवर पसरली आहे, खाजनाच्या बांधाला भगदाड कोठे पडले, कोणत्या मानशीची दारे कुजली, हेही टिपावे. कासवाचे घरटे दिसले तर वन खात्याला कळवून त्याची जागा लिहावी. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, पाहणाऱ्याचे नाव आणि फोनने दाखवलेली चुकीची मर्यादा असावी. मच्छीमार काकांनी ऐकीव सांगितले असेल तर तसे लिहावे, डोळ्यांनी पाहिले असेल तर तसे. शास्त्राच्या शिक्षकांनी वनस्पती पाहाव्यात, इतिहासाच्या शिक्षकांनी गावातल्या वडीलधाऱ्यांकडून जुनी स्थलनामे विचारून घ्यावीत, गणिताच्या शिक्षकांनी चौकटी आखाव्यात. तीन हंगामांच्या नोंदी जमल्या की त्यांवर 24 मीटरचे जाळे ठेवावे, आणि एकेका चौकटीत किती घरटी, किती मर्यादवेल आणि शॅकच्या किती खाटा येतात, ते मोजून किनारी आराखड्याशेजारी मांडावे.