इंटरनेट नसताना अक्षरजुळणी



विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. मी बी.ए., बी.एड.; संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण गेल्या सहामाही परीक्षेत माझ्या हातून जे घडले, त्यामुळे हा विषय मला शिकावाच लागला.

नववीची प्रश्नपत्रिका मी 'ओव्हरलीफ'वर तयार केली होती. हे इंटरनेटवर चालणारे अक्षरजुळणीचे साधन. मजकूर लिहावा, बटण दाबावे, की सुबक पी.डी.एफ. तयार. आदल्या रात्री बोईसरला पाऊस झाला, वीज गेली आणि तिच्यामागोमाग इंटरनेटही गेले. (तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून आमच्या उशाशी आहे, पण तो विषय निराळा.) लॅपटॉपवर मूळ फाइलची प्रत होती. तिच्यावरून मी नवी पी.डी.एफ. काढली आणि न तपासता सकाळी छपाईला दिली. ओव्हरलीफवर 4 पाने होती, माझ्याकडे 5 झाली होती. छापणाऱ्याला मी चार सांगितली होती, त्याने चारच छापली. परीक्षेत एक मुलगी उठून म्हणाली, "सर, प्रश्न 5 चा ब भाग कुठे आहे?" तो भाग मी फळ्यावर लिहून दिला, पण मुलांची 10 मिनिटे गेली. चूक सर्वस्वी माझी.

मजकूर तोच, मग पान का वाढले? ओव्हरलीफच्या पोटात जे यंत्र चालते त्याचे नाव 'टेक'. प्राध्यापक डोनाल्ड नुथ यांना 1977 साली स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची जुळणी इतकी गबाळी वाटली की त्यांनी हे साधन स्वतःच घडवायला घेतले. नावातले शेवटचे अक्षर ग्रीक आहे. उर्दू जाणणाऱ्यांना 'ख़त'मधल्या 'ख़'वरून त्याचा उच्चार चटकन साधेल. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर 'लेटेक' रचले. दोन्ही विनामूल्य आहेत आणि घरच्या संगणकावरही बसतात. मात्र तिथे जे आहे तेच घरी बसवले पाहिजे.

'टेक लाइव्ह' हा संच दरवर्षी नवा निघतो. ओव्हरलीफच्या सेटिंगमध्ये आपल्या कामासाठी कोणत्या वर्षाचा संच निवडला आहे ते दिसते. घरी तेच वर्ष घ्यावे. जुन्या वर्षांचे संचही इंटरनेटवर जपून ठेवलेले आहेत. तिथेच 'कंपायलर'चे नाव असते. मराठी-उर्दूसाठी 'झीलेटेक' किंवा 'लुआलेटेक' लागते. नेहमीचे 'पीडीएफलेटेक' चालत नाही.

माझा घोटाळा झाला तो फॉन्टमध्ये. ओव्हरलीफवर मी 'मुक्त' हा फॉन्ट वापरला होता. घरी "फॉन्ट सापडत नाही" असा निरोप आला आणि घाईत मी विंडोजमधला 'मंगल' घातला. अक्षरांची रुंदी बदलली, ओळी निराळ्या जागी तुटल्या, पान वाढले. श्रीलिपीत केलेली निमंत्रणपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडताच अगम्य अक्षरे दिसतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. युनिकोडमध्ये तसे होत नाही, मजकूर नीट वाचता येतो. म्हणूनच चूक डोळ्यांत भरत नाही. मला हे अधिक धोक्याचे वाटते.

उपाय सोपा आहे. फॉन्टची फाइल कामाच्या फोल्डरमध्येच ठेवावी, आणि मजकुराच्या आरंभी फॉन्टला संगणकातल्या नावाने न बोलावता त्या फाइलच्या नावाने बोलवावे. मग तो फॉन्ट तिथेही तोच आणि इथेही तोच. 'मुक्त' मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला, विनामूल्य फॉन्ट आहे; उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' तसाच मिळतो. नस्तालीक अक्षर तिरपे उतरत येते, त्याला दोन ओळींत जास्त जागा द्यावी लागते.

आणखी एक खोच. चित्राच्या फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर इकडचे तिकडे झाले तरी विंडोज चालवून घेते. ओव्हरलीफ लिनक्सवर चालते, ते चालवून घेत नाही. घरी उमटलेले चित्र तिथे हरवले, तर आधी नाव पाहावे.

शेवटी दोन्हीकडच्या प्रती छापून एकावर एक ठेवाव्यात आणि खिडकीच्या उजेडात धराव्यात. ओळीवर ओळ बसली तर काम झाले. मी आता प्रत्येक प्रश्नपत्रिकेला हेच करतो.

पालकहो, महाविद्यालयात गेलेल्या तुमच्या मुलामुलींना प्रकल्प अशाच पद्धतीने लिहावे लागतात. ओव्हरलीफच्या विनामूल्य खात्यात वेळेची मर्यादा आहे. मोठा प्रबंध मध्येच अडतो. घरच्या यंत्राला ती अडचण नाही. संच पाच-सहा जीबीचा आहे, पण एकाने उतरवला की दहा जणांनी त्याची प्रत घेण्यास कायद्याची आडकाठी नाही.

तो मी शाळेच्या संगणक कक्षात ठेवला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो. 16 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा. 'फॅट-32' पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून तो आधी 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करून आणा. जमले नाही तर तसाच आणा, इथे करून देऊ.