धुळीचा खर्च कोणाच्या माथी?



वणी-घुग्घुसच्या कोळसापट्ट्यात आम्ही पऱ्हाटीचे पान बोटाने पुसून पाहिले. बोट काळे झाले. पानावर थर बसला की ऊन कमी पोचते, छिद्रे बुजतात, लाल कोळ्याचे फावते. पण खरा मार बोंड फुटल्यावर. सरकीपासून रुई वेगळी होते. कोळशाची भुकटी रुईतून निघत नाही. ग्रेड पडते, भाव पडतो. ज्वारीच्या कडब्यावरही तोच थर.

ही धूळ आभाळातून पडत नाही. सर्वांत जास्त उठते ती खाणीच्या कच्च्या रस्त्यावर, डंपरच्या चाकाखाली. टँकरने पाणी मारले की दबते. ऊन-वाऱ्यात रस्ता वाळला की पुन्हा तेच. म्हणून खेपा वाढवायच्या, रस्ता पक्का करायचा, डंपरचा वेग आवरायचा, ट्रकवर ताडपत्री बांधायची, सुरुंगाची भोके पाडताना पाणी सोडायचे. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले, खाणीचे इंजिनियर नव्हे. पण यात न कळण्यासारखे काय आहे? खर्च येतो, एवढेच. खाणीने तो टाळला की आपल्या कापसाच्या पट्टीतून कापला जातो.

शहरांतल्या बांधकामांना २०१८ साली नियम लागला: वाळू-माती उघडी ठेवायची नाही. खाणीलाही पर्यावरण मंजुरीच्या अटी असतात. त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तो जाहीर कागद आहे. मागून घ्या. वेचणी सुरू झाली की रोज वहीत लिहा: टँकर किती वेळा आला, किती ट्रक उघडे गेले. मग अहवाल आणि वही शेजारी ठेवून कलेक्टरसाहेबांपुढे बसू.