कार्यालयाचा संगणक : बदल करायचा की थांबायचं?

आज आम्ही ग्रामसंघाच्या बायका आमच्या कार्यालयातल्या दोन संगणकांची गोष्ट सांगणार आहोत.

दोन्हींवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं थांबलं. म्हणून संगणक बंद पडत नाही. पण भिंतीला नवी फट पडली तर बुजवायला गवंडी येणार नाही, असं समजा. आणि आमच्या संगणकात तर सगळ्या गटांची कर्जं, हप्ते, बायकांचे आधार क्रमांक आहेत.

बैठकीत दोन मतं पडली. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा? नोंदी गेल्या तर ऑडिटला काय दाखवू?" लेखापाल म्हणाली, "ताई, बँकेचं काम रोज यावरच करतो आपण. नोंदी चोरीला गेल्या तर?" दुकानदार म्हणाला, दोन्ही नवेच घ्या. तेवढ्या पैशांत दोघींना शेळ्यांसाठी कर्ज देता आलं असतं.

मग आम्ही आधी तपासलं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं मोफत ॲप हे सगळं बघून सांगतं. आमचा एक संगणक पास झाला, जुना नापास. विंडोज १० चा परवाना खरा असेल तर ११ साठी पैसे पडत नाहीत.

तरी लगेच बटण दाबलं नाही. सगळ्या नोंदींच्या दोन प्रती केल्या. एक कार्यालयाच्या कपाटात, एक सचिव ताईंच्या घरी, दोन्ही कुलपात. प्रती उघडतात का, तेही पाहिलं. प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन नव्या विंडोजवर चालेल का, ते विक्रेत्याला विचारलं. जुन्या मराठी फॉन्टमधल्या ठरावांच्या पीडीएफ केल्या. दिवस निवडला तो हप्तेवसुली आटोपल्यानंतरचा.

बदल केल्यावर पहिल्या दिवशी प्रिंटर रुसलाच. नवा ड्रायव्हर टाकल्यावर चालला. नवीन विंडोज जमलं नाही तर साधारण १० दिवसांत जुन्यावर परत जाता येतं. तेवढे दिवस आम्ही कागदी वहीही लिहिली.

नापास संगणक टाकून दिला नाही. त्याचं इंटरनेट काढलं. आता त्यावर फक्त टायपिंग आणि छपाई होते. पेनड्राइव्ह लावायचा तो आधी तपासूनच.

मैत्रिणींनो, कोषाध्यक्ष ताईंची भीती खरी होती आणि लेखापालाचीही. म्हणून आधी नोंदी राखल्या, मग बदल केला. तुमच्या कार्यालयात संगणक असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. दुकानदाराला विचारा, पण निर्णय तुम्हीच ठरावात लिहा.