तपासणीच्या टेबलावर

(८ मार्चनिमित्त भरलेल्या तालुका महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो,

मला आज 'स्त्रिया आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. गेली बारा वर्षं मी आपल्या शिबिरांतून या विषयावर बोलत आले. शरीराची लाज बाळगू नका, डॉक्टरांना प्रश्न विचारा, कागद मागून घ्या, असं सांगत आले. आज मात्र शिबिरातलं बोलणार नाही. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः पेशंट म्हणून सरकारी दवाखान्यात चार फेऱ्या मारल्या. त्या फेऱ्यांचं सांगते.

माझं वय सेहेचाळीस. पाच महिने अंगावरून फार जात होतं. पाळी दहा-दहा दिवस चालायची, जिना चढताना धाप लागायची. मी काय केलं? तुम्ही करता तेच. दुखणं अंगावर काढलं. "आता जायचीच आहे पाळी," अशी मनाची समजूत घातली. शेवटी शेजारणीने एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं. रक्त नाही, सोनोग्राफी नाही. म्हणाले, "मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." सोमवारची तारीखही देऊन मोकळे झाले.

नवरा पैशांच्या जुळवाजुळवीला लागला. आणि खरं सांगते, मलाही वाटलं, सुटेन एकदाची. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की बारा वर्षांची भाषणं विसरायला होतात.

रात्री झोप लागेना. तेव्हा बीडच्या बायका आठवल्या. २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यांनाही कॅन्सरचीच भीती घातली होती. सकाळी उठले आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली.

केसपेपरला पैसे पडले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. हे चांगलं झालं, ते चांगलंच म्हणायचं. पण आतली खोली बघा. दार सताड उघडं, एका वेळी तिघी आत, मागे रांग. डॉक्टर खुर्चीतूनच विचारणार, "शेवटची पाळी कधी? मिस्टरांशी संबंध येतात का?" मी हळू उत्तर दिलं तर म्हणाले, "मोठ्याने बोला." मोठ्याने बोलले. मागच्या रांगेतल्या माझ्या भाचीच्या सासूनेही ऐकलं.

मग टेबलावर झोपायला सांगितलं. पडदा नाही. डॉक्टर पुरुष, खोलीत नर्स नाही. आणि मी, तुमची ही ताई, गुमान झोपले. तोंडातून शब्द निघाला नाही. वाटलं, आता काही बोलले तर तपासणारच नाहीत.

मैत्रिणींनो, हे मला सगळ्यात आधी सांगायचं होतं. आपण बायकांना म्हणतो, "तू बोलली का नाहीस?" त्या टेबलावर झोपल्यावर कळलं, का बोलत नाहीत ते.

दुसरी फेरी सोनोग्राफीची. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात. भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून बसायचं. आम्ही दोन तास बसलो. एकीला राहवेना, ती जाऊन आली, तर तिला रांगेच्या शेवटी पाठवलं. संडासाला कडी नव्हती. एक जण आत, एक बाहेर दार धरून, अशी आमची आम्हीच व्यवस्था केली. समोर भिंतीवर ठळक पाटी: इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. ती पाटी आपल्याच चळवळीने भांडून मिळवली. पण बाकावर बसलेल्या बाईचे हक्क सांगणारी पाटी काही दिसली नाही.

शेजारी एक ऊसतोडीला जाणारी बाई होती. तिची पिशवी तिशीच्या आत काढलेली. म्हणाली, "पाळीत खाडा पडला की दंड. म्हटलं, कटकट गेली. आता अंगातून वाफा निघतात, कंबर उचलत नाही." मी विचारलं, नुसती पिशवी काढली की बीजांडकोशही? तिला ठाऊक नव्हतं. कागदही नव्हता. बीजांडकोश काढले की पाळी जायच्या आधीच शरीराचा आधार जातो, हाडं ठिसूळ होतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या फेरीला पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढायचा होता. या वेळी गटातली मैत्रीण सोबत नेली. टेबलाजवळ उभी राहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सिस्टर आत आल्याशिवाय मी झोपणार नाही." डॉक्टर चिडले. गर्दी किती आहे ते दाखवलं. मी उभीच राहिले. दहा मिनिटांनी सिस्टर आल्या. बारीक नळी आत घालतात, कळ येते. सिस्टरनी हात धरला होता. नंतर म्हणाल्या, "ताई, मी एकटी तीन खोल्या बघते. तुम्ही वरती सांगा ना." म्हणजे ही मागणी त्यांचीही होती.

हे मी काही जगावेगळं मागितलं नव्हतं. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. ती सनद लागू करा, असं केंद्र सरकारने २०१९ मध्ये राज्यांना कळवलंही आहे.

चौथ्या फेरीला रिपोर्ट मिळाले. हिमोग्लोबिन साडेसात. पिशवीत तीन सेंटिमीटरची साधी गाठ. अस्तरात कॅन्सर नाही. लोहाच्या आणि रक्तस्राव कमी करण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आज हिमोग्लोबिन अकराच्या घरात आहे, आणि पिशवी जागच्या जागी आहे.

गैरसमज नको. काही जणींना पिशवी काढावीच लागते, त्यात कमीपणा नाही. पण आधी तपासणी, मग निर्णय. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना अमलात आणा, असं सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावलं आहे.

आम्ही पंचवीस जणींच्या सह्यांचा अर्ज दवाखान्याच्या अधीक्षकांना दिला. पडदा आला. महिन्याभराने धुवायला गेला तो परत आला नाही. पुन्हा अर्ज दिला, आता दोन पडदे आहेत. नर्सची जागा अजून रिकामीच आहे. तो अर्ज जिल्ह्याला गेला आहे.

तोवर आपण काय करायचं? एकटीने जायचं नाही. दर मंगळवारी आपल्यातल्या दोघी बाह्यरुग्ण विभागात बसतील. ज्या बाईला सोबत हवी तिच्याबरोबर आत जातील, रिपोर्टची प्रत मागून घेतील, पिशवी काढायला सांगितलेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लावतील. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पुढच्या मंगळवारी माझं नाव आहे. दुसरं नाव अजून कोऱ्या ओळीवर आहे, ते जाताना कोणीतरी लिहून जा.