धनिणीच्या बागेतील पंगत
(आटपाडी येथे पालकांच्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. पुढे ते धनिणीच्या बागेत नांदले. तेथे महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व पोरे एका चुलीचे अन्न एका पंगतीस खात. झाडलोट, स्वयंपाक आपल्या हातांनी करीत. कोठारातले धान्य सरले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले.

आता आपल्या गावाकडे पाहू. शाळा पक्की झाली, दुपारची खिचडीही शिजते. तरी ‘आमचे पोर त्याच्या शेजारी बसवू नका,’ असे सांगणारा बाप अजून माझ्याकडे येतो. त्यास मी एवढेच विचारतो : लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडिले, ते कोणत्या जातीच्या पोरासाठी?

भिंती सरकारने बांधून दिल्या. पंगत आपणच बसविली पाहिजे. उद्या दुपारी शाळेत या आणि पोरांच्या ओळीत, मिळेल त्या जागी, जेवावयास बसा.